मागचं डावं चाक

आमच्या घरी मोटार आली तेव्हा चिटगुप्प्याच्या बाजारात लोक म्हणाले, "अप्पांना बैलांचा कंटाळा आला." अप्पा म्हणजे माझे वडील. तूर आणि जवारीचा व्यापार करायचे. दुकान चिटगुप्प्याला आणि घर जवळच्याच गावात, त्यामुळं रोजचं जाणं-येणं होतं. बैलांचा कंटाळा त्यांना कधीच आला नाही. उलट बैलावर करायचे तशीच माया त्यांनी मोटारीवरही केली. फरक एवढाच, म्हणायचे, की बैलाला दुखलं तर तो वैरण सोडतो आणि मोटारीला दुखलं तर ती बोलते. आपल्याला ऐकता आलं पाहिजे.

मोटार नवी नव्हती. हैदराबादच्या एका जहागीरदाराकडं वापरून झालेली. एका बाजूचा मडगार्ड चेपलेला आणि हॉर्न म्हणजे म्हातारी म्हैस. तिच्यासोबत जहागीरदाराचा जुना ड्रायव्हर काही दिवस आमच्याकडं राहिला होता, अप्पांना शिकवायला. तो दख्खनी बोलायचा, सारखं पान चघळायचा आणि मोटार चालू असताना कुणी गप्पा मारल्या तर त्याला खपायचं नाही. "सुनो सेठ," म्हणायचा, "पैये का दर्द पैये में नै बोलता. दुखता एक जगा, बोलता दूसरी जगा." त्याचं आणखी एक होतं. वाजणाऱ्या चाकाला भिऊ नका, वाजता वाजता आपोआप गप्प झालेल्या चाकाला भ्या. तो परत गेला आणि ही दोन वाक्यं आमच्या घरात राहिली.

मग अप्पांचा खेळ सुरू झाला. मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मागं बसवून ते हुमनाबादच्या सडकेला लागायचे आणि मध्येच म्हणायचे, "काय वाजायलंय, सांगा." आम्ही डोळे मिटून ऐकायचो. टायरात खडा अडकला की टिकटिक येते आणि वेग वाढला की तीही भरभर येते. बेरिंग खराब झालं की जात्यावर भरडल्यासारखी घरघर येते, आणि वळणावर ती कमी-जास्त होते. आवाज इंजिनाचा की चाकाचा असा प्रश्न पडला तर अप्पा उताराला गिअर काढून मोटार नुसती घरंगळू द्यायचे. इंजिन शांत झालं आणि तरी आवाज राहिला, म्हणजे तो चाकाचा. हे सगळं त्या ड्रायव्हरनं शिकवलं होतं, आणि थोडं अप्पांनी आपल्या बुद्धीनं त्यात घातलं होतं.

मी सगळ्यात आधी बोलायची आणि चुकायची. "पुढचं चाक," मी ठणकावून सांगायची. अप्पा हसायचे. "तुझ्या तोंडाला घाई हाय बाई, कानाला न्हाई." अक्का मात्र बराच वेळ गप्प बसायची. सीटच्या पाठीला कान लावायची, मोटारीच्या दारावर तळहात ठेवायची आणि मग हळूच म्हणायची, "मडगार्डचा बोल्ट ढिला हाय, अप्पा. उजवीकडचा." अप्पा थांबून बघायचे, तर तो ढिला असायचाच. ड्रायव्हर गेल्यावर आमच्या घरात सगळ्यात चांगला कान अक्काचा, हे अप्पा चारचौघांत सांगायचे. मला त्याचा राग यायचा. मी रागीटच होते, आजही आहे.

अक्काचं लग्न आळंदला झालं. तेव्हा मोटार यायची होती, ती बैलगाडीतून सासरी गेली; मोटारीतला खेळ चालायचा तो ती माहेरी आली की. आमच्या घरात एक रीत होती. लेक लांबच्या वाटेला निघाली की आई गाडीच्या आसाला, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याला, एक पुरचुंडी बांधायची. विभूतीची एक गट्टी, सुपारी, हळकुंड आणि खणाचा तुकडा. आसाला अशासाठी की चाक फिरतं पण आस फिरत नाही, जागच्या जागी राहतो. पुरचुंडी बांधणारीनं मग घर सोडायचं नाही. गाडी परत येईपर्यंत दाराशी वाट बघायची आणि आल्यावर आपल्याच हातानं ती सोडायची. दुसऱ्या कुणी सोडली तर वाट उलटी लागते म्हणत. अव्वा, म्हणजे आमची आई, हे सगळं फार मनापासून पाळायची.

मोटार आली तेव्हा दसऱ्याला तिची पूजा झाली. चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली. त्या दिवशी अव्वानं अप्पांना विचारलं होतं, "हिचा आस कुठं हाय?" चाकाच्या मधोमध लोखंडाची चकचकीत टोपी बसवलेली असते, आम्ही तिला चाकाची वाटी म्हणायचो. अप्पांनी त्या वाटीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "हिच्या मागं." अव्वा मान हलवून आत गेली. मीही तिथंच होते आणि त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं मला तरी वाटलं नाही.

पहिल्या बाळंतपणाला अक्का घरी आली. पोट खाली उतरलं होतं, पायांवर सूज होती, पण तोंडावर हसू. संध्याकाळी अप्पांनी मोटार सुरू केली की ती ओसरीवरूनच सांगायची, "आज जरा खोकायलीय." कळा सुरू झाल्या त्या मात्र थांबेचनात, आणि बाळ काही पुढं सरकेना. सुईण जाणती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हात धुतले आणि अप्पांना बाहेर बोलावून म्हणाली, "माझ्या हातात न्हाई आता. बिदरच्या दवाखान्याला न्या. पर लवकर न्या."

त्या दिवसांत अव्वाच्या पायाला नारू झाला होता. आमच्याकडं विहिरीच्या पाण्यानं तो व्हायचाच. नारूचा दोरा काडीला गुंडाळून ठेवलेला, पाऊल सुजून भोपळ्याएवढं झालेलं. तिला येणं शक्य नव्हतं. अक्काला मागच्या सीटवर गोधडी टाकून निजवलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. अप्पा रेडिएटरात पाणी घालायला आडाकडं गेले होते. तेवढ्यात अव्वा लंगडत, भिंतीला धरत बाहेर आली. तिच्या हातात उलथनं होतं. मला वाटलं, चुलीपुढून उठली आणि घाईत ते हातातच राहिलं. ती मागच्या चाकापाशी खाली बसली, अक्काच्या डोक्याच्या बाजूला, डाव्या अंगाला. मला दिसत नव्हती, फक्त काहीतरी खुडखुड ऐकू येत होतं. कुंकू लावत असेल असं मी धरलं. मग उठून तिनं खिडकीतून हात घातला, अक्काच्या कपाळावर विभूती लावली आणि म्हणाली, "जा बाळा. मी दारातच हाय."

गाव सुटलं आणि आवाज सुरू झाला.

टक. मग थोडं थांबून, टक. खड्ड्याचा आवाज नव्हता, खडखडाटही नव्हता. चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारा, जड, बोथट. अप्पांनी मान तिरकी केली. मी त्यांच्या मानेवरूनच ओळखलं की त्यांनी ऐकलंय. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी मोटार थांबवली, फूटबोर्डावर बांधलेला पेट्रोलचा डबा हलवून बघितला, सीटखालची अवजारं काढून माझ्या पायाशी ठेवली, पाण्याची घागर कापडात गुंडाळली. वाजणारं जे जे म्हणून असेल ते सगळं गप्प केलं. पुन्हा निघालो. टक. टक.

आता खेळ नव्हता. आदल्याच वर्षी त्या सडकेवर मालाच्या एका लॉरीचं पुढचं चाक धावता धावता निघून गेलं होतं, आणि लॉरी नाल्याच्या पुलावरून खाली गेली होती. तिच्यातली माणसं ओढ्यात सापडली. अप्पा तेव्हा बघायला गेले होते आणि घरी येऊन जेवले नव्हते. तेव्हापासून पुढच्या चाकाचा त्यांनी धसकाच घेतला होता. उताराला त्यांनी गिअर काढला. इंजिन मंदावलं, आवाज राहिला. चाकाचा, यात शंकाच उरली नाही. उतारावर मोटारीनं वेग घेतला तसा आवाज मात्र एकाएकी बंद झाला. मी म्हटलं, "गेला, अप्पा." त्यांचा चेहरा आणखीनच उतरला. वाजता वाजता गप्प झालेलं चाक. त्यांनी ब्रेक दाबला, वेग कमी केला, तर टक, टक, पुन्हा सुरू.

तेव्हा अक्का बोलली. दोन कळांच्या मधल्या वेळात ती डोळे मिटून पडली होती, कान सीटला लागलेला. "अप्पा," ती म्हणाली, "मागचं चाक हाय. डावं."

अप्पांनी मागं वळून बघितलं. तिचं तोंड घामानं निथळत होतं, ओठ पांढरे पडले होते. "तू गप पड, लेकरा," ते म्हणाले. "तू नको ऐकूस आता."

"मागचंच हाय," ती पुन्हा म्हणाली आणि तिची कळ आली.

एवढं दुखत असताना हिला काय ऐकू येणार, असं अप्पांना वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं. त्यांच्या कानाला आवाज पुढून येत होता, माझ्याही. त्यांनी एका बाभळीच्या सावलीला मोटार थांबवली आणि पुढचं चाक जॅकवर घेतलं. काळी माती, जॅक आत रुतला. लांबून एक चपटा दगड आणून खाली घातला, पुन्हा उचललं. चाक दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं हलवलं. ते थोडं हललं. खरंच हललं. जुन्या मोटारीचं कुठलंही चाक तेवढं हलतं हे मला नंतर कळलं, पण त्या वेळी अप्पा म्हणाले, "सापडलं. बेरिंग हाय." वाटी काढून, आतला नट आवळून, पुन्हा सगळं बसवेपर्यंत सावली झाडाच्या पलीकडं सरकली होती. अक्का माझ्या मांडीवर कण्हत होती आणि मी तिला पदरानं वारा घालत अप्पांवर मनातल्या मनात चिडत होते. लवकर करा, लवकर करा. मोठ्यानं म्हणायचं धाडस झालं नाही.

पुन्हा निघालो आणि आवाज होताच. आता अप्पांची खात्रीच झाली की बेरिंग आतून फुटलंय, आणि जोरात गेलं तर चाक निघणार. बैलगाडीच्या चालीनं त्यांनी मोटार न्यायला सुरुवात केली. खरोखरच्या बैलगाड्या आम्हाला मागं टाकून गेल्या. एक गाडीवान ओरडून म्हणाला, "अण्णा, बैलं देऊ का?" एरवी अप्पा हसले असते. काळी माती संपून तांबडी मुरमाड सडक लागली, बिदर जवळ आलं, तरी आम्ही सरपटतच होतो. टक, टक, टक.  अक्काचा हात माझ्या हातात होता आणि त्याची पकड हळूहळू सुटत गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेलं. आम्ही व्हरांड्यात बसलो. त्या बाहेर आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. "बहुत देर कर दी," एवढंच त्या म्हणाल्या, आणि रागावून नाही, अगदी हळू म्हणाल्या. बाळही गेलं होतं. मुलगा होता.

अप्पा रडले नाहीत. उठून मोटारीकडं गेले. मी त्यांच्यामागं गेले, कारण एकटीनं त्या व्हरांड्यात बसवेना. त्यांनी पेचकस काढला आणि एकेका चाकाची वाटी उचकटायला लागले. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढची उजवी. पुढची डावी. मागची उजवी. मग मागची डावी. ती निघाली आणि तिच्यातून एक पुरचुंडी मुरमावर पडली.

हिरव्या खणाचा तुकडा. अव्वाच्या चोळीचा, मी लगेच ओळखला. अप्पांनी गाठ सोडली. विभूतीची गट्टी फुटून तिचं पीठ झालं होतं. सुपारी, हळकुंड. आणि त्यांच्यासोबत आमच्या जुन्या बैलगाडीची लोखंडी खीळ, चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला ठोकतात ती. ती रीतीत नव्हती. ती अव्वानं आपल्या मनानं घातली होती, मोटारीला जास्त जपायला हवं म्हणून.

गाडीचा आस फिरत नाही. मोटारीची वाटी चाकाबरोबर फिरते. गाव सुटेपर्यंत विभूतीची गट्टी फुटून पुरचुंडी सैल झाली, आणि मग वाटी हळू फिरली की आतली खीळ वर जायची आणि खाली पडायची, टक. जोरात फिरली की कडेला चिकटून बसायची, गप्प. मोटारीला काहीही झालं नव्हतं. अप्पांनी त्या दिवशी मोटार हवी तशी पळवली असती तरी चाललं असतं.

अप्पा ती खीळ हातात घेऊन उकिडवे बसले. मग म्हणाले, "ती म्हणली हुती. मागचं डावं म्हणली हुती." आणि तेव्हा ते रडले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. काय करावं कळेना म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी पुरचुंडी पुन्हा बांधली, अगदी होती तशी, आणि वाटीत घातली. तळहातानं ठोकून वाटी बसवली. मी म्हटलं, "कामून परत घालायलाव, अप्पा?"

"तिच्या हातानं तिला सोडू दे," ते म्हणाले. "न्हाई सापडली तर तिला कळंल. तुझ्या अव्वाला ह्यातलं काही सांगू नकूस. कधीच."

आम्ही अक्काला घेऊन परत निघालो. सगळ्या वाटेत ते चाक वाजत होतं. काय वाजायलंय, सांगा, असं कुणी विचारलं नाही.

अव्वा दारातच होती. त्यापुढचं मला लिहायचं नाही. अक्काला आमच्याच शेतात माती दिली. आळंदहून तिच्या सासरची माणसं आली, गेली. दिवस झाल्यावर एका सकाळी अव्वा उलथनं घेऊन मोटारीपाशी बसलेली मी बघितली. पुरचुंडी काढून तिनं कपाळाला लावली.

लोक भेटायला यायचे आणि विचारायचे, उशीर कसा झाला. अप्पा म्हणायचे, "पुढच्या चाकाचं बेरिंग गेलं. मलाच आधी बघून ठेवाय पायजे हुतं." लोक तोंडावर काही बोलत नसत, पण बाजारात बोलायचे की बैलाच्या गाडीनं गेले असते तर पोचले असते, हौसेपायी लेक घालवली. ते अप्पांच्या कानावर यायचंच. ते ऐकून घ्यायचे. आणि अव्वा काय म्हणायची? ती बायकांना सांगायची, "चाक निघणारच हुतं म्हणं. मी जुनी खीळ घातली हुती आत, म्हणून टिकलं. न्हाई तर ही दोघंबी माघारी आली नसती." असं म्हणून ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची. अप्पा तिथं असले तर मान हलवायचे. "व्हय, खिळीनंच राखलं."

मला ते सहन व्हायचं नाही. अव्वाचा हात माझ्या तोंडावरून फिरला की मी तोंड बाजूला घ्यायची. तिचा राग यायचा, अप्पांचा यायचा, आणि रात्री अंथरुणावर पडलं की अक्काची आठवण यायची. एकदा कशावरून तरी माझं आणि अव्वाचं भांडण झालं. भाकरी करपली असेल, दुसरं काय. ती म्हणाली, "अक्का असती तर असं उलट बोलली नसती." माझा तोल गेला. "अव्वा, तुझी ती पुरचुंडी," मी म्हणाले, आणि अप्पा दारात उभे होते. ते आत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला बाहेर घेऊन गेले. गोठ्यापाशी येऊन म्हणाले, "तिच्यापाशी आता तेवढंच उरलंय, बाई. ते काढून घेऊ नको."

मी घेतलं नाही. जीभ चावून धरायला मी त्या घरात शिकले, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं हे माझं मलाच ठाऊक.

काही वर्षांनी माझं लग्न चिंताकीला झालं. शेतीचं घर, चांगली माणसं. पहिल्या बाळंतपणाला मीही माहेरी आले. अप्पांनी यावेळी कळांची वाट बघायची नाही असं ठरवलं होतं. दिवस भरत आले की मला बिदरला आत्याकडं नेऊन ठेवायचं, दवाखान्याच्या जवळ. मोटार अजून होती. अक्कानंतर त्यांनी ती फारशी काढली नव्हती, दुकानाला घोड्यावरून जायचे. निघायच्या आधी त्यांनी चारही चाकं उघडून, पुसून, वंगण घालून ठेवली.

सकाळी मी मागच्या सीटवर बसले तेव्हा अव्वा उलथनं घेऊन बाहेर आली. पायाचा नारू केव्हाच बरा झाला होता, पण ती त्या पायावर अजून थोडी लंगडायची. मागच्या डाव्या चाकापाशी बसली. अप्पा समोर उभे होते, बघत होते. तिनं वर बघून विचारलं, "घट बसली का, बघा." अप्पांनी वाकून वाटीवर तळहात दाबला. "बसली," ते म्हणाले.

मी पोटावर दोन्ही हात धरून बसले. गाव सुटलं आणि तो आवाज आला. टक. टक. इतक्या वर्षांनी, अगदी तोच. मला वाटलं ओरडावं, खाली उतरावं, पायी चालत जावं. ओढ्याच्या पलीकडं, गाव दिसेनासं झालं तिथं, अप्पांनी मोटार थांबवली. पेचकस घेऊन उतरले, वाटी काढली, पुरचुंडी बाहेर घेतली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. "मांडीवर धर," ते म्हणाले. "तिनं तुझ्यासाठीच बांधलीय." मग पुढं बसून त्यांनी मोटार पळवली, बिदरपर्यंत कुठंही न थांबता. मोटारीत नुसता इंजिनाचा आवाज होता. खीळ माझ्या मुठीत होती आणि हळूहळू ती माझ्या हाताएवढीच गरम झाली. मला अव्वाचा राग आला नाही. तो कुठं गेला ते मला कळलं नाही.

मुलगी झाली. अप्पा आत्याकडंच राहिले होते, दुकान वाऱ्यावर सोडून. त्यांनी तिला हातात घेतलं नाही, हात जड आहेत म्हणाले. फक्त वाकून तिचा कान बघितला.

अंगात थोडी ताकद आल्यावर आम्ही घरी निघालो. पुरचुंडी माझ्या पिशवीत होती. ओढ्याच्या अलीकडं अप्पा थांबले. मी न सांगता ती काढून दिली. त्यांनी ती वाटीत घातली, वाटी ठोकून बसवली आणि आपल्या जागेवर येऊन बसले.

गावात शिरताना अप्पा नेहमी मोटार पायी चालल्यासारखी न्यायचे. पोरं असतात, कोंबड्या असतात, म्हातारी माणसं दारात बसलेली असतात. त्या दिवशी त्यांनी ओढ्याच्या चढावरच वेग घेतला. खीळ पहिल्यांदा दोन-चारदा वाजली आणि मग कडेला जाऊन चिकटली. वेशीतून आम्ही धुरळा उडवत आत आलो, कोंबड्या कुडाच्या आडोशाला पळाल्या, पारावरचे लोक उठून शिव्या द्यायला लागले. मी लेकराला छातीशी धरलं. अप्पांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती, पाय तसाच दाबलेला. मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा डोळ्यांपुढचं काही दिसेना. अव्वा दारात उभी असणार होती. तिच्या कानावर तो आवाज त्यांना जाऊ द्यायचा नव्हता. त्या दिवशी, अक्काच्या वाटेवर, असंच पळवायला हवं होतं, हे त्या मोटारीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि अप्पा ते अव्वासाठी आता करत होते.

घरापुढं ब्रेक एकदम दाबला तेव्हा वाटीत एकदाच टक झालं, पण तोवर इंजिन गुरगुरत होतं.

अव्वा आधी चाकाकडं गेली. उलथन्यानं वाटी काढली, पुरचुंडी कपाळाला लावली, मग पदर सावरून माझ्याकडं आली आणि नातीला घेतलं. "बघा," ती अप्पांना म्हणाली, "खिळीनं आणलं का न्हाई सुखरूप?"

अप्पा बॉनेट उघडून आत काहीतरी बघत होते. "व्हय," ते म्हणाले. "आणलं."

यावेळी अव्वानं माझ्या तोंडावरून हात फिरवला तेव्हा मी तोंड बाजूला घेतलं नाही.